मॅलरीचा ‘ल मोर्त दार्थर’: आठ महिने रोज मोठ्याने वाचल्यानंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिलं पान उघडलं आणि जानेवारी संपता संपता शेवटचं मिटलं. २१ भाग, ५०७ प्रकरणं. रात्रीची जेवणं झाली की रोज दोन, कधी तीन प्रकरणं; मध्ये गौरी-गणपती, दिवाळी, घरातलं एक लग्न यांत गेलेले दिवस वेगळे. एवढा काळ घरात राहिलेल्या पुस्तकाबद्दल आता काही खात्रीने सांगता येईल.

मी ते एकटीने वाचलेलं नाही. माझ्या वडिलांना, आबांना, दोन वर्षांपासून छापलेलं अक्षर दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. जन्मभर वाचत आलेला माणूस, आणि इंग्रजी मात्र येत नाही. म्हणून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे. हा अनुभव त्या वाचनाचा आहे. मनातल्या मनात वाचलं असतं तर मी तिसऱ्या महिन्यात पुस्तक ठेवून दिलं असतं, आणि मग यातलं जे सगळ्यात मोलाचं आहे तिथवर पोचलेच नसते.

पुस्तक काय आहे ते आधी. राजा आर्थर, त्याचं गोलमेज, त्याचा सर्वांत मोठा वीर लान्सलॉट, राणी ग्विनिव्हिअर, पवित्र ग्रेलचा म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनातल्या पात्राचा शोध या मध्ययुगीन दंतकथा फ्रेंचमध्ये मोठमोठ्या गद्यग्रंथांत पसरलेल्या होत्या. सर टॉमस मॅलरीने त्या निवडून, छाटून, काही इंग्रजी काव्यांची भर घालून इंग्रजीत नव्याने सांगितल्या. काम संपलं १४६९-७० च्या सुमारास, आणि त्या वेळी तो कैदेत होता. शेवटच्या पानावर तो वाचकांना विनवतो की मी जिवंत आहे तोवर माझ्या सुटकेसाठी प्रार्थना करा. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरच्या छापखान्यात हे पुस्तक छापून पुरं केलं ते ३१ जुलै १४८५ रोजी. मॅलरी तोवर जाऊन १४ वर्षं झाली होती. आणि छपाईनंतर तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, बॉसवर्थच्या रणात राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. इंग्लंडात तीस वर्षं भाऊबंदकी चालली होती, राजे बदलत होते, आणि अशा काळात हा कैदी एका राज्याच्या फुटीची गोष्ट लिहीत होता. शेवटी आर्थरचा मुलगा मॉर्ड्रेड बंड करतो आणि लोक त्याच्या मागे जातात, तिथे मॅलरी गोष्ट थांबवून थेट आपल्या काळच्या इंग्रजांना सुनावतो की तुम्हाला कुठलाच राजा फार काळ चालत नाही. हे वाचताना माझा आवाज आपोआप चढला होता.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेली. दगडातली तलवार, जो उपसेल तो राजा. मला वाटलं होतं आबांना त्या चमत्काराचं कौतुक वाटेल. त्यांचं लक्ष लागलं ते के नावाच्या मुलावर. आर्थर हा के च्या घरी वाढलेला. के आपली तलवार घरी विसरतो, ती आणायला आर्थरला पाठवतो, घराला कुलूप म्हणून आर्थर चर्चच्या आवारातली दगडातली तलवार उपसून आणतो. के ती ओळखतो आणि बापाला सांगतो, ही मला मिळाली, म्हणजे राजा मी. बाप त्याला परत चर्चमध्ये नेतो, धर्मग्रंथावर हात ठेवायला लावतो आणि विचारतो, तलवार कुठून आली? के खरं सांगून टाकतो. आबा म्हणाले, “पोराला राजा व्हायची संधी होती, पण बापाने शपथ घातली.” संपूर्ण पुस्तकाची किल्ली त्यांनी दुसऱ्याच दिवशी हातात दिली होती, आणि मला ती कळायला सहा महिने लागले. हे पुस्तक तलवारीचं वाटतं. ते दिलेल्या शब्दाचं आहे.

पहिल्याच भागात दुसरा एक धक्का बसतो. आर्थरला नकळत आपल्याच बहिणीपासून मूल होतं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेला मुलगा तुझा नाश करेल असं जादूगार मर्लिन सांगतो, तेव्हा आर्थर त्या सुमारास जन्मलेली सरदारघराण्यांतली सगळी मुलं गोळा करवून जहाजात घालतो आणि समुद्रात सोडतो. जहाज फुटतं. मॉर्ड्रेड तेवढा वाचतो. आपल्याकडे हे काम कंस करतो. इथे ते ज्याला आपण नायक म्हणून धरलेलं आहे तो राजा करतो, आणि मॅलरी त्यावर जवळजवळ काहीच बोलत नाही. आबा त्या रात्री म्हणाले, “आता याचं भलं कसं होईल?” झालंही नाही.

भाषेबद्दल. पंधराव्या शतकातली इंग्रजी म्हणून घाबरायचं कारण नाही. शुद्धलेखन आजचं केलेल्या आवृत्त्या मिळतात आणि पन्नासेक पानांनंतर कान तयार होतो. मॅलरीचं वाक्य ‘आणि मग’ वर चालतं: आणि मग तो उठला, आणि मग घोड्यावर बसला, आणि मग त्याला वाटेत एक मुलगी रडताना दिसली. हे मराठीत इतकं सहज येतं की काही रात्री मी भाषांतर करते आहे हेही विसरायचे. आणि तो सारखा ‘फ्रेंच पुस्तक असं सांगतं’ म्हणत राहतो, कीर्तनकाराने पोथीचा हवाला द्यावा तसा. पुढे टीपा वाचताना कळलं की मूळ फ्रेंचमध्ये जे नाही, तिथेही तो हेच म्हणतो.

काही शब्दांवर मात्र अडले. नाइटला काय म्हणायचं? सरदार म्हटलं की जहागीर आणि फौज डोळ्यांपुढे येते. आबांनीच सुचवलं, शिलेदार म्हण. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. घोडा सरकारचा तो बारगीर. एकदा तो शब्द बसला आणि पुस्तक जवळ आलं. शिव्हल्री, म्हणजे नाइटचा धर्म, हा शब्दही घोड्याच्या फ्रेंच शब्दावरूनच आलेला आहे. दुसरा शब्द वर्शिप. आज त्याचा अर्थ पूजा. मॅलरीच्या पानोपानी तो येतो तेव्हा अर्थ असतो माणसाची लोकांतली योग्यता. ‘कीर्ती’ म्हणून पाहिलं, ‘अब्रू’ म्हणून पाहिलं. शेवटी ‘पत’ बसला. पत मिळते, पत जाते, पत राखावी लागते. या कथांतली निम्मी भांडणं पत राखण्यासाठीची आहेत.

आता ज्याच्यासाठी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावं अशी जागा: तिसऱ्या भागातली शपथ. आर्थरच्या लग्नात ग्विनिव्हिअरच्या वडिलांकडून गोलमेज येतं, १५० आसनांचं, सोबत १०० शिलेदार. लगेच तिघे मोहिमेवर निघतात. आर्थरचा भाचा गवेन त्यातला एक. तो एकाला हरवतो, हरलेला जीवदान मागतो, गवेन देत नाही. वार करणार एवढ्यात त्या माणसाची प्रेयसी मध्ये अंग टाकते आणि गवेनच्या हातून तिचं डोकं उडतं. तिचं शीर गळ्यात अडकवून आणि धड घोड्याच्या मानेवर घालून त्याला दरबारात परत यावं लागतं. यानंतरच आर्थर सगळ्यांना शपथ देतो: खून-अत्याचार करायचा नाही, दगा करायचा नाही, जो जीवदान मागेल त्याला ते द्यायचं, स्त्रियांच्या मदतीला धावायचं, अन्यायाच्या भांडणात धनासाठी उतरायचं नाही. दर वर्षी पेंटेकोस्टच्या सणाला प्रत्येकाने ती नव्याने घ्यायची. ही शपथ मॅलरीची स्वतःची भर आहे. आणि तिची कलमं आकाशातून पडलेली नाहीत. ती आत्ताच घडलेल्या अपराधांतून आलेली आहेत. कायदा कसा जन्मतो हे इतकं थेट मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

इथे आवृत्तीचा मुद्दा येतो. मी मुख्यतः कॅक्स्टनच्या छापील पाठावरची दोन खंडांची आवृत्ती वाचली. पण १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजात वॉल्टर ओकशॉट यांना या ग्रंथाचं हस्तलिखित सापडलं. त्यात माणसांची नावं लाल शाईने लिहिलेली आहेत, आणि काही पानांवर कॅक्स्टनच्या छापखान्यातल्या ओल्या शाईचे ठसे उमटलेले आहेत, म्हणजे ते त्याच्या कारखान्यात होतं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावरून युजीन व्हिनावर यांनी १९४७ मध्ये पाठ प्रसिद्ध केला. त्या पाठावरची एक संक्षिप्त आवृत्ती मी सप्टेंबरात मागवली आणि शपथेचं पान ताडून पाहिलं. हस्तलिखितातल्या शपथेत एक कलम जास्त आहे: स्त्रीवर कधीही बळजबरी करायची नाही. छापील पाठात ते नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कारण मॅलरी कोण होता? बहुतेक अभ्यासक वॉरिकशरमधल्या न्यूबोल्ड रेव्हलच्या सर टॉमस मॅलरीकडे बोट दाखवतात. त्याच्यावर दरोड्याचे, खंडणीचे, मठावर हल्ल्याचे आणि बलात्काराचेही आरोप होते. खटला निकालापर्यंत कधी गेला नाही. १४६८ मध्ये राजाने सर्वसाधारण माफी दिली, त्यातून नाव घेऊन वगळलेल्यांमध्ये तो होता. आबांना सांगावं की नाही असा विचार केला आणि सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, आणि मलाही. मी त्या माणसाची वकिली करणार नाही. पण ते कलम त्याच माणसाच्या पुस्तकात आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

पाचव्या भागातलं रोमच्या सम्राटाशी युद्ध भराभर उरकलं. कॅक्स्टनने ते निम्म्याहून कमी केलेलं आहे आणि मला तेवढंही पुष्कळ झालं.

खरी परीक्षा आठव्या ते बाराव्या भागांची, ट्रिस्ट्रम नावाच्या शिलेदाराची. पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एक शिलेदार भेटतो, दुसरा भेटतो, भाले रोखून टक्कर, दोघे घोड्यावरून खाली, मग तलवारी, मग नावं विचारणं, मग कळतं की अरे, आपण तर मित्र. पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच. मी कंटाळले. आबा नाही. त्यांचं अर्धं आयुष्य कुस्तीच्या फडांभोवती गेलेलं. त्यांना या झुंजी तशाच ऐकू येत होत्या. कोण कुणाच्या बाजूने उतरला, कुणी कमकुवत बाजू धरली, कुणी दमलेल्याशी झुंज घ्यायला नकार दिला, याचा हिशेब ते ठेवत होते. सहाव्या भागात लान्सलॉट के चं चिलखत घालून जातो, तेव्हा मी म्हटलं, हा वेष बदलण्याचा प्रकार उगीचच आहे. आबा म्हणाले, “अगं, नाव मोठं झालं की पैलवानाला जोड मिळत नाही.” पुस्तक तेच सांगतं: लान्सलॉटचं चिलखत घालून के सुखरूप घरी पोचतो, कारण ते चिलखत बघून कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

या कंटाळवाण्या भागात एक माणूस आहे ज्याच्यासाठी ती ३०० पानं मी पुन्हा वाचेन. पॅलोमिडीस. सॅरसन, म्हणजे त्यांच्या लेखी परधर्मी. तोही ट्रिस्ट्रमसारखाच इसोल्ड राणीवर जीव टाकतो, आणि प्रत्येक ठिकाणी ट्रिस्ट्रमच्या एक पाऊल मागे राहतो. शौर्यात थोडा कमी, नशिबात पुष्कळ कमी. दगाफटका करतो, मग पस्तावतो, झऱ्याकाठी बसून रडतो. एवढ्या पराक्रमी गर्दीत दुसऱ्या नंबरवर राहण्याचं दुःख मॅलरीला इतकं नेमकं दिसलं याचं मला नवल वाटतं.

सातवा भाग, गॅरेथचा, ज्याला कुठून सुरू करावं कळत नाही त्याने आधी वाचावा. पेंटेकोस्टच्या दिवशी एक उंचपुरा तरुण दरबारात येतो, वर्षभर खाणंपिणं मागतो, नाव सांगत नाही. के त्याला मुदपाकखान्यात ढकलतो आणि त्याच्या गोऱ्या हातांवरून त्याला ‘बोमेन’, सुंदर हातांचा, असं चिडवतं नाव देतो. तो खरं तर गवेनचा धाकटा भाऊ, पण भावालाही ओळख पटत नाही. वर्ष संपतं, लिनेट नावाची मुलगी मदत मागत येते, तो तिच्याबरोबर निघतो, आणि ती वाटभर म्हणत राहते, दूर हो, तुला मुदपाकखान्याचा वास येतो. तो एकेक वीर हरवत जातो, तरी तिचं तोंड थांबत नाही, आणि तो एकदाही उलट बोलत नाही. निघताना तो एकाच माणसाच्या हातून शिलेदारकी घेतो: लान्सलॉट. त्या एकट्याला स्वतःचं नाव सांगतो. हा तपशील लक्षात ठेवा.

ग्रेलचे भाग, तेरा ते सतरा, यांत प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगायला एखादा साधू उभाच असतो. मला ते जड गेले. पण लान्सलॉट दारापर्यंत पोचतो, आतला प्रकाश बघतो, मनाई असूनही पाऊल टाकतो आणि २४ दिवस निपचित पडतो, २४ वर्षांच्या पापाचे २४ दिवस, तो प्रसंग सोडू नका.

स्त्रियांना या पुस्तकात बोलायला जागा थोडी मिळते, ही माझी मोठी तक्रार. मिळते तेव्हा मात्र त्या सगळ्यांना मागे टाकतात. अ‍ॅस्टोलाटची इलेन लान्सलॉटसाठी झुरून मरणाला टेकते आणि धर्मगुरू तिला सांगतो की हे विचार सोड. ती विचारते, का सोडू? मी हाडामांसाची बाई नाही का? माझं प्रेम देवाविरुद्ध कसं? हे मराठीत सांगताना एक शब्दही शोधावा लागला नाही.

आणि एकोणिसाव्या भागातला अर्री. हंगेरीचा जखमी शिलेदार, सात जखमा, शापामुळे न भरणाऱ्या. जगातला सर्वोत्तम शिलेदार हात लावेल तेव्हाच भरतील. हजर असलेले ११० जण एकेक करून हात लावतात. मॅलरी त्यांची लांबलचक यादीच देतो, आणि आम्ही ती पूर्ण वाचली, कारण आता त्यातले बरेच ओळखीचे झाले होते. जखमा भरत नाहीत. शेवटी लान्सलॉट. त्याला राणीशी असलेलं आपलं नातं माहीत आहे, ग्रेलच्या दारातली आपली नालायकी माहीत आहे. सगळ्यांदेखत आता पितळ उघडं पडणार. तो नको म्हणतो, राजा हुकूम करतो, तो मनात प्रार्थना करतो आणि हात लावतो. जखमा भरतात. सगळा दरबार आनंदात, आणि लान्सलॉट मार खाल्लेल्या लहान मुलासारखा रडत राहतो. का रडतो ते मॅलरी सांगत नाही. आबा म्हणाले, पुन्हा वाच. तीन वेळा वाचलं.

त्यानंतर सगळं कोसळतं, आणि ते कुणा दुष्टामुळे नाही. राणी आणि लान्सलॉट एकत्र सापडतात, तो निसटतो. कायद्याने राणीला जाळायचं. लान्सलॉटने तिला वाचवायचं, कारण तिने त्याच्यापायी हे भोगायचं नाही. राजाने शिक्षा द्यायची, कारण तो राजा. गवेन तिला चितेपाशी न्यायला नकार देतो. लान्सलॉटने त्याचा भाऊ आणि दोन मुलगे मारलेले असूनही तो म्हणतो, मी त्यांना आधीच बजावलं होतं. धाकट्या भावांना, गॅरेथला आणि गेहरिसला, मात्र राजाला नाही म्हणता येत नाही. ते जातात, पण निषेध म्हणून चिलखताशिवाय, निःशस्त्र. लान्सलॉट गर्दीत घुसतो आणि अंदाधुंद वार करत जातो. ज्याला त्याने स्वतः शिलेदार केलं तो गॅरेथ त्याच्याच तलवारीने मरतो. त्याने पाहिलंसुद्धा नाही.

गवेनला सांगायला येतात तेव्हा तो आधी विश्वासच ठेवत नाही. गॅरेथचं लान्सलॉटवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं, म्हणतो. मग तो कोसळतो, आणि उठतो तेव्हा दुसराच माणूस असतो.

आबांनी हाताने थांब म्हणून खूण केली. चार दिवस पुस्तक बंद राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, “त्याला कुणीच ओरडून सांगितलं नाही का, की समोर गॅरेथ आहे म्हणून?” मी पान परत काढून पाहिलं. नाही सांगितलं.

पुढची पन्नास-साठ पानं मी जवळजवळ न थांबता सांगितली. रणात लान्सलॉटच्या बाजूचा बॉर्स आर्थरला घोड्यावरून पाडतो आणि विचारतो, संपवून टाकू का हे युद्ध? लान्सलॉट त्याला अडवतो, स्वतः उतरून राजाला घोड्यावर बसवतो. आर्थरच्या डोळ्यांत पाणी येतं, तरी युद्ध थांबत नाही, कारण गवेनने सुडाची शपथ घेतलेली आहे. गवेनचं बळ सकाळी नवापासून दुपारपर्यंत वाढतं. लान्सलॉट तोवर फक्त वार झेलतो, मग पाडतो, आणि पडलेल्याला मारायला नकार देतो. शपथेतलं कलम तो इथेही पाळतो. त्याच जखमेने गवेन पुढे डोव्हरला मरतो, मरण्याआधी लान्सलॉटला पत्र लिहून. सॉल्झबरीच्या मैदानात आर्थर आणि मॉर्ड्रेड यांचा तह होत असताना एकाच्या पायाला साप चावतो, तो सापाला मारायला तलवार उपसतो, आणि तलवार चमकलेली बघून दोन्ही फौजा तुटून पडतात.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. एकच घ्यायची असेल तर विंचेस्टर पाठावरची, टीपा आणि शब्दार्थ असलेली घ्या. कॅक्स्टनचा पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. आधी त्यातला सातवा आणि अठरावा भाग वाचून बघा. लहान मुलांसाठी हे पुस्तक नाही, चित्रमय रूपांतरांवर जाऊ नका. ट्रिस्ट्रमचा मधला भाग सोडला तर मी दोष देणार नाही, मात्र पॅलोमिडीस गाठा. आणि जमलं तर कुणाला तरी ऐकवा. ज्या पुस्तकात माणसं सारखी एकमेकांना ‘तुझं नाव सांग’ म्हणतात, ते आवाजात वेगळंच उभं राहतं.

जानेवारीत शेवटचं पान झालं तेव्हा मला वाटलं आबा नवीन काही मागतील. त्यांनी गॅरेथ पुन्हा मागितला. सध्या रोज एक प्रकरण चालू आहे. कालपर्यंत तो मुदपाकखान्यातून बाहेर पडला आहे, लान्सलॉटकडून शिलेदारकी घेऊन झाली आहे, आणि लिनेट त्याला वाऱ्याच्या खालच्या बाजूने घोडा चालव म्हणून सांगते आहे.